'फोर्ट स्टिकीन' : एका मालवाहू जहाजाचा अंत आणि त्यानंतरची कहाणी

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निसुरक्षेविषयीचे कार्यक्रम होतात. धाराशिवसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यातही त्या दिवशी अग्निशमन केंद्रांत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती याच दिवशी असल्याने या दुसऱ्या स्मरणाकडे सर्वसामान्यांचे फारसे लक्ष जात नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी हा दिवस नेमला गेला, ते जवान १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या मालवाहू आगबोटीला लागलेली आग विझवताना मरण पावले होते. दुसऱ्या महायुद्धातील हे जहाज शत्रूच्या पाणतीराने बुडाले नाही की विमानातून पडलेल्या बॉम्बनेही नाही. ते स्वतःच्याच पोटातील मालाने फुटले आणि जाताना बंदर, आजूबाजूची जहाजे व शहराचा एक भाग आपल्यासोबत घेऊन गेले.

जहाज आणि त्यातील माल

युद्धाच्या पहिल्या वर्षांत जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची असंख्य मालवाहू जहाजे बुडवली. ही तूट भरून काढण्यासाठी कॅनडा व अमेरिकेत एकाच आराखड्यावर बेतलेली जहाजे झपाट्याने बांधण्यात आली. कॅनडात बांधलेल्या अशा अनेक जहाजांना 'फोर्ट' या शब्दाने सुरू होणारी नावे दिली गेली. जुन्या व्यापारी ठाण्यांवरून ती घेतलेली होती. ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रुपर्ट येथील गोदीत १९४२ साली तयार झालेले 'फोर्ट स्टिकीन' हे त्यांपैकीच एक. त्याचे नोंदणीकृत टनेज ७,१४२ होते. कोळशावर चालणारे वाफेचे इंजिन आणि ताशी सुमारे ११ सागरी मैलांचा वेग, अशी या वर्गातील जहाजांची साधी घडण होती. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच असे, की त्यांनी भरपूर माल वाहावा आणि शक्य झाल्यास सुखरूप पोहोचावे.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले. जिब्राल्टर आणि पोर्ट सैदमार्गे ते मार्चअखेर कराचीला पोहोचले. त्यात सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. तोफगोळे, पाणतीर, सुरुंग अशा या साठ्यापैकी २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातील होता. सुटे भाग करून पेट्यांत बांधलेली लढाऊ विमानेही होती. याशिवाय भारतातील चलनव्यवस्थेला आधार म्हणून पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा एका पोलादी कप्प्यात बंद होत्या. एकेका पेटीत चार, अशा त्या ३१ पेट्यांत ठेवल्या होत्या. प्रत्येक विटेचे वजन साधारण पावणेतेरा किलो आणि एकूण किंमत त्या काळी नऊ लाख पौंडांच्या घरात होती.

कराचीत काही माल उतरवल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरण्यात आल्या. त्याशिवाय वंगणाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, तांदूळ, राळ असा संमिश्र मालही चढवला गेला. स्फोटकांच्या शेजारी कापूस आणि तेल ठेवणे किती धोक्याचे आहे, हे कोणत्याही खलाशाला कळण्यासारखे होते. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनाही हा माल पसंत नव्हता. परंतु युद्धकाळात प्रत्येक जहाजाची प्रत्येक फूट जागा मोलाची होती. तेथे कप्तानाच्या नापसंतीला फारशी किंमत नव्हती.

गोदीतील दोन दिवस

१२ एप्रिल १९४४ रोजी जहाज मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन येणाऱ्या जहाजाने बाहेर समुद्रातच नांगर टाकावा, त्याचा माल पडावांतून उतरवावा आणि मगच जहाज आत घ्यावे, असा दंडक होता. युद्धाच्या घाईत तो शिथिल करण्यात आला होता. शिवाय, जहाजावर धोकादायक माल आहे हे दर्शवणारा लाल बावटाही लावलेला नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या कामगारांना आपण कशाच्या सान्निध्यात वावरत आहोत, याची कल्पना नव्हती.

१३ तारखेला माल उतरवण्यास आरंभ झाला. १४ एप्रिल हा शुक्रवार होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जवळच्या जहाजांवरील काही जणांना 'फोर्ट स्टिकीन'मधून धुराच्या पुसट रेषा निघताना दिसल्या, पण त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. सुट्टी संपवून कामगार दुसऱ्या क्रमांकाच्या खणात उतरू लागले, तेव्हा कापसाच्या गाठींमधून धूर येत असल्याचे उघड झाले. तोवर दुपारचे दोन वाजत आले होते.

या खणाची रचना समजून घेतल्यास पुढचा अनर्थ समजतो. तळाशी कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. दाबून बांधलेल्या गाठीतील कापूस भडकण्याऐवजी आतल्या आत धुमसत राहतो. तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा त्याला पुरते आणि वरून ओतलेले पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. बंबांनी खणात शेकडो टन पाणी सोडले. ते पाणी तळाशी साचत गेले आणि त्यावर तरंगणाऱ्या जळत्या गाठी हळूहळू वर उचलल्या जाऊन स्फोटकांच्या जवळ सरकू लागल्या. थोडक्यात, आग विझवण्याचा उपायच आगीला दारूगोळ्यापर्यंत नेत होता. जहाजाच्या बाजूच्या पोलादी पत्र्यावरचा रंग उष्णतेने फुगू लागला, तेव्हा आगीचे नेमके स्थान लक्षात आले. तेथे भोक पाडून थेट पाणी सोडण्याचा प्रयत्न झाला, पण पत्रा कापण्याचे यंत्र ऐनवेळी चालले नाही.

निर्णय कोणी घ्यायचा?

दुपारी दोन ते चार या दोन तासांत धक्क्यावर अनेक अधिकारी जमले होते. जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स होते, गोदीचे प्रशासक होते आणि लष्कराच्या दारूगोळा विभागाचे अधिकारीही होते. स्फोटकांची जाण असलेल्या लष्करी अधिकाऱ्याचे मत जहाज ताबडतोब बुडवावे असे होते. गोदीच्या प्रशासकांना ते ओढून समुद्रात न्यावे असे वाटत होते. बुडवायचे तर तेथील पाणी पुरेसे खोल आहे का, ही शंका होती. ओढून न्यायचे तर वाटेत बंबांचे पाणी थांबवावे लागेल आणि अरुंद दरवाजातच स्फोट झाला तर काय, हा प्रश्न होता. कप्तानाला आपले जहाज स्वतःच्या हाताने बुडवण्याचा निर्णय वरिष्ठांच्या आदेशावाचून घेणे जड जात होते आणि आग विझेल अशी आशा अग्निशमन दलाला अखेरपर्यंत होती.

या सर्वांपैकी प्रत्येकाकडे अधिकाराचा एक तुकडा होता. सर्वांना बांधून घेणारा हुकूम देण्याचा अधिकार मात्र तेथे हजर असलेल्या कोणाकडेही नव्हता. दोन तास निघून गेले ते येथे. निष्काळजीपणाने टाकलेली ठिणगी हे आगीचे कारण असेल, पण आगीचा महाअनर्थ झाला तो या पोकळीमुळे.

चारला दहा मिनिटे कमी असताना खणातून प्रचंड ज्वाळा उसळल्या. जवानांना जहाजावरून उतरण्याचा आदेश मिळाला, पण त्यांतील कित्येकांनी धक्क्यावरून पाण्याचा मारा चालूच ठेवला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने, चौथ्या क्रमांकाच्या खणातील साठा पेटून त्याहून भीषण असा दुसरा स्फोट झाला. दूरवर असलेल्या सिमल्याच्या वेधशाळेतील भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली.

शहरावर पडलेली आग

पहिल्या स्फोटाने जहाजाचे दोन तुकडे झाले आणि जवळचे जवळजवळ सारे जवान एका क्षणात नाहीसे झाले. कप्तान नेस्मिथ हेही मृत्युमुखी पडले. शेजारी उभे असलेले सिंधिया कंपनीचे 'जलपद्म' हे सुमारे चार हजार टनांचे जहाज स्फोटाने उठलेल्या लाटेवर उचलले गेले आणि त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन आदळली. जळता कापूस, तापलेले लोखंडाचे तुकडे आणि तेल यांचा वर्षाव मांडवी, मस्जिद बंदर, चिंचबंदर या दाट वस्तीच्या व वखारींच्या भागावर झाला. धान्याच्या कोठारांनी पेट घेतला. जपान्यांनी हल्ला केला, अशी वदंता पसरून हजारो लोक मुंबई सोडण्यासाठी रेल्वे स्थानकांकडे धावले.

मृतांचा आकडा ८०० ते १,३०० यांच्या दरम्यान सांगितला जातो. यात एवढे अंतर असण्याचे आश्चर्य वाटू नये. बंदरात रोजंदारीवर येणारे हमाल, पडावांवरचे तांडेल व खलाशी, पदपथावर राहणारी कुटुंबे यांची पूर्ण नोंद कोणाच्याही वहीत असणे शक्य नव्हते. ज्यांची नोंद झाली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले, हजारो व्यवसायांना झळ पोहोचली आणि ५० हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. बंगालच्या दुष्काळाने लाखोंचे बळी नुकतेच घेतले होते आणि मुंबईत शिधावाटप चालू होते. अशा काळात जळालेल्या या धान्याचा अर्थ किती मोठा होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

युद्धकालीन नियंत्रणामुळे या घटनेची बातमी भारतीय वृत्तपत्रांना तत्काळ देता आली नाही. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली. इकडे सविस्तर वृत्तांत छापण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी नव्हती.

बुडालेल्यांचे पुढे काय झाले?

आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. त्यानंतर गोदी पुन्हा वापरात आणण्यासाठी सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती. त्यांनी उपसलेला मलबा पाच लाख टनांच्या घरात होता. बुडालेली, अर्धवट जळालेली आणि उलटी झालेली जहाजे बाजूला काढल्याशिवाय बंदर मोकळे होणार नव्हते.

'फोर्ट स्टिकीन' तर उरलेच नव्हते. 'जलपद्म'ही कायमचे गेले. मूळचे सिंधिया कंपनीचे, यात्रेकरूंना मक्केस नेण्यासाठी बांधलेले आणि युद्धात आरमाराने सैन्य वाहण्यासाठी घेतलेले 'एल हिंद' हे जहाजही जळून बुडाले. परंतु प्रत्येक जखमी जहाजाचे आयुष्य तेथेच संपले नाही. 'एम्पायर इंडस' हे जहाज दुरुस्तीनंतर पुन्हा सफरीवर निघाले. 'फोर्ट स्टिकीन'च्याच वर्गातील 'फोर्ट क्रेव्हिए' मात्र आतून पूर्ण जळाले होते. इंजिन निकामी झालेले त्याचे पोलादी कवच १९४८ पर्यंत तरंगते भांडार म्हणून वापरले गेले आणि मग ते भंगारात निघाले. धावण्याची ताकद गेलेल्या जहाजालाही नांगरून ठेवून काम देता येते, ही बंदरातील जुनी रीत आहे.

अशा पुनर्जन्माचे सर्वांत विलक्षण उदाहरण कॅनडातील हॅलिफॅक्सचे म्हणता येईल. ६ डिसेंबर १९१७ रोजी तेथे स्फोटकांनी भरलेले 'माँ ब्लाँ' आणि 'इमो' या जहाजांची टक्कर होऊन झालेल्या स्फोटात सुमारे दोन हजार लोक मेले. 'माँ ब्लाँ'चे तुकडे झाले. किनाऱ्यावर फेकले गेलेले 'इमो' मात्र नंतर पाण्यात ओढून दुरुस्त करण्यात आले, नव्या नावाने देवमाशाचे तेल वाहू लागले आणि १९२१ साली फॉकलंड बेटांपाशी खडकावर आदळून संपले.

सिंधिया कंपनीचा उल्लेख आपल्या भागासाठी परका नाही. १९१९ साली तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म शेजारच्या सोलापूरचा. या कंपनीच्या 'लॉयल्टी' या जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडची सफर सुरू केली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. देशी नौवहनाच्या अभिमानाचा तो दिवस आणि १४ एप्रिल हा शोकाचा दिवस, या दोहोंत केवळ नऊ दिवसांचे अंतर आहे आणि दोन्हींत हीच कंपनी आहे.

'फोर्ट स्टिकीन'वरील सोने स्फोटाने चहूकडे उडाले. त्यातील एक वीट सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घराच्या सज्जात येऊन पडली. त्यांनी ती परत केली आणि मिळालेले बक्षीस मदतनिधीला देऊन टाकले. बाकीच्या विटांपैकी बहुतेक पुढे हाती आल्या. गाळ उपसताना १९७० च्या दशकापर्यंत सोने मिळत राहिल्याची नोंद आहे. ज्या व्हिक्टोरिया गोदीत हे घडले, ती गोदी मात्र कालांतराने बंदराच्या नव्या प्रकल्पासाठी भराव टाकून बुजवण्यात आली.

चौकशी आणि भरपाई

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. घातपाताचा पुरावा आयोगाला आढळला नाही. आग अपघाताने लागली, ती कापसातून सुरू झाली आणि धूम्रपानाचे जळते थोटूक हे तिचे संभाव्य कारण असावे, असा निष्कर्ष निघाला. स्फोटके व कापूस एकत्र भरणे, धोक्याची सूचना नसणे, गोदीच्या आत जहाज घेणे आणि निर्णयाचा अभाव, या गोष्टीही समोर आल्या. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दाव्यांसाठी १९४४ मध्येच स्वतंत्र वटहुकूम काढण्यात आला. तथापि, भरपाई मागण्यासाठी कागद लागतात. वखारमालकांकडे ते होते, पडावावरच्या हमालाच्या विधवेकडे ते कितपत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

समुद्रापासून दूर असलेल्यांसाठी

धाराशिव जिल्हा १९४४ साली निजामाच्या संस्थानात होता आणि मुंबईची गोदी ब्रिटिशांच्या. तरीही समुद्र आणि हा मुलूख यांचे नाते फार जुने आहे. जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला नेले जाई, असा उल्लेख 'पेरिप्लस' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. घाटावरचा कापूस आणि धान्य बंदरात जाते आणि बंदर जळाले की त्याची धग घाटावर पोहोचते, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

दुसरे नाते आपत्तीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूरबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा, लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर राज्यात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करण्याच्या कामाला गती मिळाली. पुढे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण स्थापन करून जिल्हाधिकाऱ्याला त्याचे अध्यक्ष केले. संकटाच्या वेळी वेगवेगळ्या खात्यांना एकत्र आणून आदेश देण्याचा अधिकार कोणाचा, हे कायद्याने ठरवून दिले. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी धक्क्यावर ज्या गोष्टीचा अभाव होता, ती नेमकी हीच.

अर्थात कायदा असणे आणि तो वेळेवर वापरला जाणे यांत अंतर असते. १९४७ साली अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे खताच्या रूपातील अमोनियम नायट्रेटने भरलेल्या 'ग्राँकाँ' या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा मुंबईच्या अनुभवाला तीन वर्षेच झाली होती. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात तेच रसायन फुटले, तेव्हा ते गोदामात कित्येक वर्षे पडून असल्याचे अधिकाऱ्यांना ठाऊक होते. धोकादायक माल कोठे आहे हे माहीत असणे, तो ज्वालाग्राही मालापासून वेगळा ठेवणे आणि प्रसंग येताच एका माणसाने निर्णय घेणे, या तीन साध्या गोष्टी चुकल्या की स्थळ आणि साल तेवढे बदलते. कापसाची जिनिंग असो, धान्याचे गोदाम असो की दाट बाजारपेठेतले फटाक्यांचे दुकान असो, या तीन गोष्टी तेथेही तितक्याच लागू आहेत.

मुंबईत भायखळा येथील अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या जवानांचे स्मारक आहे. ज्या जहाजावर आपण पाणी मारत आहोत त्यात काय भरले आहे, हे त्यांतील अनेकांना आरंभी सांगण्यातच आले नव्हते आणि ते कळल्यावरही त्यांनी नळ्या सोडल्या नाहीत. आगीच्या जागी पोहोचणाऱ्या जवानाला आत काय आहे ते पहिल्या मिनिटाला कळले पाहिजे, एवढी व्यवस्था आपापल्या गावात आहे की नाही, हे पाहणे हीच त्या स्मारकाला खरी मानवंदना ठरेल.